लालबागच्या पोटातले तळे

नागपूरहून मुंबईला जाणारी माणसे सहसा मंत्रालयात, इस्पितळात नाहीतर लग्नाला जातात. दसऱ्याच्या सकाळी मुंबईत उतरलेल्या आम्ही दोघी एका खोक्याला भेटायला आलो होतो. खोके लालबागमधल्या एका बांधकामावर कुलपात होते आणि त्यात दगड होते.

दोघींपैकी कामाची व्यक्ती एकच, डॉ. वसुधा ठोंबरे. त्या जीवाश्मशास्त्रज्ञ आहेत. मी वर्तमानपत्रात काम करते. त्यांच्या शेवटच्या संशोधन-दौऱ्याचा वृत्तांत लिहावा म्हणून सोबत गेले. दौरा शेवटचा, कारण वर्षअखेरीस मॅडम निवृत्त होणार होत्या.

मॅडमचे संशोधन थोडक्यात सांगता येते, असे त्यांना स्वतःला वाटत नाही. तरी सांगते. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी तो जमिनीच्या भेगांतून आला, पसरला, थांबला. थांबला की त्यावर पाऊस पडायचा, तळी साचायची, तळ्यांत बेडूक, कासवे, गोगलगायी नांदायच्या. मग पुढचा लाव्हा यायचा आणि तळे वरून झाकून टाकायचा. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये दाबला गेलेला हा तळ्याचा गाळ शोधण्यात मॅडमची सगळी नोकरी गेली. "बाकीचे पोळीकडे बघतात, मी पुरणाकडे," असे त्या वर्गात सांगत.

विदर्भातल्या टेकड्या पालथ्या घालून झाल्यावर त्या मुंबईकडे वळल्या. वरळीच्या टेकडीखाली असे एक तळे आहे आणि त्यात दगड झालेले बेडूक आहेत, हे अभ्यासकांना शंभराहून अधिक वर्षे ठाऊक आहे. मॅडमचे म्हणणे असे की त्याच्याही खाली, लालबाग-परळच्या बाजूला, आणखी जुने दुसरे तळे आहे. या दुसऱ्या तळ्यावरचा त्यांचा लेख अनेक ठिकाणी जाऊन प्रत्येक वेळी एकाच अर्थाच्या शेऱ्यासह परत आला: कल्पना चांगली आहे, नमुना कुठे आहे?

नमुना मिळवायचा तर मुंबई खणावी लागते. मुंबई सतत खणली जाते, पण मॅडमना विचारून नाही. म्हणून त्यांनी शहरात पाया खोदणाऱ्या बहुतेक इंजिनिअरांना आपला नंबर देऊन ठेवला होता. बरेच जण त्यांचा फोन उचलत नाहीत. ग्लेन डिसोझा नावाच्या इंजिनिअरने मात्र नवरात्रात स्वतःहून फोन केला.

"मॅडम, काळा दगड लागला, मग मधेच राखाडी चिखलासारखं काहीतरी, आणि खाली परत काळा दगड. आमच्यासाठी एकदम बेकार माल. पायाचे पाइल घालताना काढून टाकणार. तुम्हाला पायजे काय?"

जे इंजिनिअरला नको असते ते मॅडमला हवे असते. त्यांनी त्याच दिवशी तिकिटे काढली.

गिरगाव, दसरा

मुक्काम गिरगावातल्या एका वाडीत, मॅडमच्या कॉलेजच्या मैत्रिणीकडे, शैलाताईंकडे होता. वाडी अरुंद आहे. एका बाजूला लाकडी कठड्याची जुनी घरे, दुसऱ्या बाजूला एक उंच इमारत, आणि मधल्या बोळात कोणाची स्कूटर कोणी कुठे लावायची याचा न मिटलेला वाद. दारांना झेंडूची तोरणे होती. स्कूटरलाही होती.

दसऱ्याला नागपुरात आपट्याची पाने घेऊन लोक थोरांच्या घरी जातात, पाया पडतात, बसतात, खातात आणि मग पुढच्या घरी जाऊन पुन्हा खातात. गिरगावात हे सगळे जिन्यात उरकते. वर जाणारा खाली येणाऱ्याला पान देतो, दोघे एकमेकांना वाट देतात आणि सण साजरा होतो. शैलाताईंनी दार उघडताच मॅडमच्या हातावर पान ठेवले.

"सोनं घे, सोन्यासारखी राहा."

मॅडमनी पान उजेडाकडे धरले. "शैला, हा आपटा नाही. कांचन आहे."

"असू दे गं."

"कुळ एकच आहे, पण आपट्याचं पान याहून लहान आणि जाड असतं."

"वसुधा, गेली तीस वर्षं मी याच माणसाकडून हेच सोनं घेतेय. लुटायचं असतं, तपासायचं नसतं. आत ये."

जेवताना शैलाताईंनी मला विचारले, "हिच्याबरोबर फिरायला निघालात, तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?" दुपारी याचा अर्थ कळला. मॅडमबरोबर गिरगावातून चालणे म्हणजे दर दोन इमारतींमागे थांबणे. त्या इमारतीकडे पाहत नाहीत, जोत्याकडे पाहतात. एका जुन्या घराच्या पिवळसर दगडाच्या जोत्यापाशी त्या वाकल्या, बोट ओले करून दगडावर फिरवले आणि भिंगातून पाहू लागल्या. वरच्या खिडकीतून एका बाईंनी विचारले, "काय हरवलं काय?"

"नाही, बघतेय."

"बिल्डरकडून आलात?"

"नाही."

"मग बघा," बाई म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.

दादर, एकादशी

ग्लेन चुलतभावाच्या लग्नासाठी रजेवर होता. लालबागला तो द्वादशीला येणार होता. त्याआधी एकादशीच्या दिवशी भेटायला दादरला आला. शैलाताईंचा उपास होता, आमचा नव्हता. समुद्राजवळच्या एका मालवणी खाणावळीत आम्ही त्याची वाट पाहत बसलो. मॅडमनी घावने, म्हणजे तांदळाची पातळ धिरडी, मागवली. नागपूरच्या माणसाला सकाळच्या खाण्यावर तिखट तर्री लागते, ती इथे मिळत नाही. त्याऐवजी नारळाचा गोड रस मिळतो. पहिल्या घासाला मी थोडी नाराज होते, तिसऱ्या घासाला नव्हते.

ग्लेन आला तो लग्नातल्या कोटाची पँट आणि साधा टी-शर्ट घालून. तो माहीमचा, पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत राहणाऱ्या कॅथलिक घरातला, वय तिशीचे. येताना त्याने पिशवीभर फुगे आणले होते. फुगे म्हणजे मैद्याचे तळलेले गोळे. त्यांच्याकडे लग्नात ते मटणाबरोबर खातात. खाणावळीचे मालक पिशवीकडे पाहत होते. ग्लेनने त्यांनाही दोन दिले, विषय संपला.

"खोकं कसं आहे?" मॅडमनी विचारले. लग्न कसे झाले हे त्यांनी नंतर विचारले.

"एकदम सेफ. स्टोअरमध्ये लॉक करून आलोय. चावी सावंतकाकांकडे. स्टोअर तेच सांभाळतात. त्यांच्यापेक्षा स्वच्छ माणूस अख्ख्या साइटवर नाही."

"फोटो काढलेत?"

"बाकी सगळ्या खोक्यांचे आहेत. हे शेवटचं संध्याकाळी आलं आणि मला निघायचं होतं. उद्या काढतो ना."

खोक्यात काय असते ते येथे सांगायला हवे. पायाची तपासणी करताना पोकळ ड्रिलने जमीन भोसकतात. ड्रिलच्या पोटात जो दगड येतो तो मनगटाएवढ्या जाडीचा दांडा असतो. हे दांडे ज्या क्रमाने वर येतात त्याच क्रमाने लाकडी खोक्यात ओळीने मांडतात आणि मधे खोली लिहिलेल्या चकत्या ठेवतात. म्हणजे खोके हे पुस्तक आहे, आणि ते वरून खालीच वाचायचे असते.

"पण लालबागचा थर वरळीच्याच तळ्याचा नसेल कशावरून?" मी विचारले.

मॅडमनी माझ्या ताटलीतली घावने उचलून त्यांवर आपली रचली. मग चळतीखाली एका बाजूने चमचा सरकवून ती समुद्राच्या दिशेला कलती केली. "सगळी मुंबई अशी पश्चिमेला कललेली आहे. वरचं घावन वरळी. आता ही कललेली चळत सुरीने सपाट कापली, तर पूर्वेकडे कुठलं घावन उघडं पडेल?"

"खालचं."

"लालबाग पूर्वेला आहे. तिथे जमिनीत तळं सापडलं, तर ते खालचंच. म्हणजे जुनं. वरळीचे बेडूक जन्मायच्या आधीचं." त्यांनी खालचे घावन ओढून घेतले आणि खाल्ले. माझी न्याहारी पुराव्यात गेली.

नंतर आम्ही किनाऱ्यावर गेलो. पाण्यापलीकडे वरळीचे मनोरे दिसत होते. ग्लेनने त्यातल्या एकेकाची उंची सांगितली. मॅडमनी मनोऱ्यांच्या खालची टेकडी दाखवली आणि तिच्याखाली बेडूक कुठे आहेत ते सांगितले. दोघे एकाच दिशेला पाहत होते.

"आणि उद्या खोक्यात काही नसलंच तर?" परतताना मी विचारले.

"तर मी चूक होते असं समजून निवृत्त होईन. ते चालेल," मॅडम म्हणाल्या. "काय ते न कळताच निवृत्त होणं चालणार नाही."

लालबाग, द्वादशी

लालबागला आधी नाक पोचते. मसाल्याच्या डंकांच्या गल्लीत मिरच्या कुटल्या जात होत्या आणि आम्ही दोघी शिंकत चाललो होतो. सावजी मटणाच्या गावातून आलेल्या माणसांनी इथे शिंकावे याची मला थोडी लाज वाटली. दुकानदार म्हणाला, "नवीन दिसता. चार दिवसांत सवय होईल."

बांधकामाची जागा एका जुन्या चाळीला लागून होती. शेजारची तिची जोडचाळ पाडून झाली होती, ही उभी होती. फाटकाशी ग्लेनबरोबर सावंत उभे होते. साठीच्या जवळपासचे, पांढरा शर्ट इस्त्रीचा. ते याच उभ्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. फाटकालाच नव्हे, क्रेनला, वजनकाट्याला आणि सिमेंट कालवायच्या यंत्रालाही सुकलेला हार होता.

"दसऱ्याला सगळ्या मशिनींची पूजा केली," सावंत म्हणाले. "माझे वडील मिलमध्ये होते. मागाला हार घातल्याशिवाय ते जेवायचे नाहीत. मशिनीवर पोट आहे ना, मग आधी ती धुवायची, पुसायची, मग हळद-कुंकू. ते आपण सोडलं नाही."

"आणि खोकं?" मॅडमनी विचारले.

"ते तर पहिलं! डिसोझासाहेब म्हणाले होते ना, ह्याच्यासाठी नागपूरवरून मोठ्या मॅडम येतायत, जपून ठेवा. म्हटलं, एवढं महत्त्वाचं आहे तर पूजेत पाहिजेच."

त्यांनी स्टोअरचे कुलूप काढले. खोके मधोमध, स्वच्छ फडक्यावर ठेवले होते. आतले दांडे धुऊन, तेलाचा हात फिरवून लखलखीत केले होते. प्रत्येकावर हळद-कुंकवाचे बोट होते, दोन-दोन अक्षता चिकटल्या होत्या. आणि शाळेच्या प्रार्थनेत मुले उभी करतात तसे ते उंचीप्रमाणे लावले होते, डावीकडे सर्वात लहान, उजवीकडे सर्वात मोठा. खोली लिहिलेल्या चकत्या एका वाटीत होत्या. त्याही धुतल्या होत्या. त्यावरची शाई गेली होती.

ग्लेनने खिशातून हात काढून डोक्यावर ठेवला.

"छान दिसतंय ना?" सावंत म्हणाले.

"काका," ग्लेन म्हणाला, "अहो काका, काय केलंत हे?"

"काय केलं?"

मॅडम खोक्यापाशी खाली बसल्या. पुस्तकाची पाने सुटी करून कोणी आकाराप्रमाणे लावली, तर वाचणाऱ्याचे काय होईल तेवढेच त्यांच्या चेहऱ्यावर झाले होते. त्यांनी सगळे दांडे नजरेखालून घातले. "काळाच दगड आहे सगळा. राखाडी कुठे आहे?"

"ती ढेकळं?" सावंत म्हणाले. "ती पाण्यात घातली तशी बिस्किटासारखी विरघळली. मला वाटलं दगडाला लागलेला चिखल आहे."

सहा कोटींहून अधिक वर्षे लाव्ह्याखाली टिकलेला गाळ दसऱ्याच्या आंघोळीत गेला होता. दुसरे भोक पाडणे शक्य नव्हते. ड्रिलचे यंत्र दुसऱ्या जागेवर गेले होते आणि या जागेवर पाइलचे काम चालू झाले होते. एका शास्त्रज्ञाच्या शंकेसाठी ते कोणी थांबवणार नव्हते.

मॅडम रागावतील असे मला वाटले. त्यांनी पदर खोचला. "चहा मिळेल? आणि हे सगळं बाहेर घ्या. लावूया परत."

दगड मोडताना सरळ मोडत नाही. प्रत्येक दांड्याची मोडलेली कड वेगळी असते आणि ती फक्त आपल्या शेजाऱ्यालाच नेमकी बसते. आम्ही चौघे अंगणात पोत्यांवर बसलो आणि दांड्यांची टोके एकमेकांना लावून पाहू लागलो. सावंतांनी पूजेची फुले बाजूला काढली, पण हळद-कुंकू पुसायला ते तयार नव्हते. वरचे टोक कोणते, खालचे कोणते, हे मॅडमनी सांगितले: लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे वर जमतात, चहाच्या फेसासारखे, जिथे भोके जास्त ते डोके.

"हा ह्याला बसतोय," सावंत.

"काका, तो पाय आहे, डोकं नाही."

"मग हा?"

"तुम्ही जबरदस्ती करताय. लग्न जुळवताय काय?"

"जुळवलीत बाबा, चार जुळवलीत. सगळी टिकली."

दुपार सरेपर्यंत दांडे जुळत गेले आणि शेवटी दोन माळा उरल्या. एक वरची, एक खालची. त्यांची टोके एकमेकांना कशीही बसेनात. ग्लेनने फिरवून पाहिले, सावंतांनी फिरवून पाहिले. मॅडम मात्र पहिल्यांदा हसल्या.

"नका फिरवू. इथेच होतं ते. ही फट म्हणजे तळं."

जागा मिळाली होती. तळे नव्हते. "धुतल्यावर पाणी कुठे टाकलंत? त्या बाजूच्या गटारात?" मॅडमनी विचारले.

सावंत दुखावले. "पूजेच्या दगडाचं पाणी गटारात कोण टाकेल? पायाखाली येईल ना. घमेल्यात धुतले आणि ते पाणी आमच्या हिने वर नेलं." त्यांनी वर पाहून हाक मारली, "अगो ऐकलंस? ता घमेल्यातला पाणी खंय घातलंस?"

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून त्यांच्या पत्नी, सुलभाताई, वाकल्या. "तुळशीत! कित्याक?"

मॅडम साठीच्या आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. जिना त्या माझ्याआधी चढल्या.

तुळस निळ्या प्लास्टिकच्या अर्ध्या पिंपात होती. पिंपातली माती लाल होती, सावंतांच्या गावची. तिच्यावर सर्वत्र, खोडाभोवती, एक पातळ राखाडी थर बसला होता आणि वाळून त्याला उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या भेगा पडल्या होत्या.

"गाळ छान दिसला, काळपट, कसदार," सुलभाताई म्हणाल्या. "म्हटलं तुळशीला बरा. सगळा ओतला."

"त्यानंतर पाणी घातलंत?"

"काल एकादशी. तुळशीचाही उपास असतो, पाणी घालत नाहीत."

"आणि आज?"

"आज द्वादशी. आज तर हातही लावायचा नाही."

मॅडमचा हात पिंपाच्या काठापर्यंत गेला होता, तो तिथेच थांबला. काठावर गाळाची एक सुटी खपली पडलेली होती. त्यांनी ती दाखवून नजरेनेच विचारले. सुलभाताईंनी थोडा विचार करून मान हलवली. काठ म्हणजे तुळस नव्हे. मॅडमनी खपली उचलली, चिमूटभर तोडून दातांखाली धरली आणि डोळे मिटून चावली.

"बाय माझे!" सुलभाताई म्हणाल्या. "माती खाल्ली!"

"तोंड उघडा मॅडम," सावंत मागून म्हणाले, "विश्वरूप दिसतं काय बघूया."

ही मॅडमच्या धंद्यातली जुनी रीत आहे. वाहत्या पाण्याच्या गाळात रेतीचा कण असतो, तो दाताला कचकचतो. साचलेल्या पाण्याचा गाळ लोण्यासारखा जातो. "कच नाही," मॅडम म्हणाल्या. "साचलेलं पाणी." मग त्यांनी सुलभाताईंना सांगितले की या गाळात खसखशीएवढे शिंपले असतील, तर हे नक्की तळेच. ते ज्या जीवाचे आहेत तो तसा कोलंबीच्या नात्यातला.

सुलभाताईंचा चेहरा बदलला. "कोलंबी?"

"लांबच्या नात्यातली."

"म्हणजे मी तुळशीत कोलंबीचं पाणी घातलं? दसऱ्याला?"

सावंत भिंतीला टेकून हसू लागले. "आणि ती पण शिळी! सहा कोटी वर्षांची!"

"तुम्ही गप्प बसा. तुम्हीच धुतलात." त्या मॅडमकडे वळल्या. "उद्या या. आंघोळ करून मी काढून देते. हे मला पण तुळशीत ठेवायचं नाही."

लालबाग, त्रयोदशी

सकाळी गेलो तेव्हा सुलभाताईंनी तयारी ठेवली होती. त्यांनी तुळशीला हात जोडले, "माफ कर गे आये," म्हणाल्या आणि चमच्याने राखाडी थर अलगद उचलून स्टीलच्या डब्यात भरला. लाल माती लागली तिथे चमचा थांबवला. मॅडम मधे एकदाही बोलल्या नाहीत. विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे त्यांना कधी जमलेले नाही.

गाळ गरम पाण्यात, धुण्याचा सोडा घालून भिजवला. तो फुटेपर्यंत आम्हाला भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि सोलकढी वाढली गेली. रजा संपवून कामावर आलेला ग्लेन जेवणाच्या सुट्टीत वर आला. मग चक्का टांगायच्या मलमलीतून गाळ हळूहळू धुतला. गढूळ पाणी बादलीत गेले आणि फडक्यावर चिमूटभर कण राहिले. ते बशीत पसरून मॅडम गॅलरीच्या उजेडात भिंग लावून बसल्या.

"तांदळाची कणी," त्या म्हणाल्या. "हळद. कुंकू. तुळशीचं बी. हळद. लाल मातीचा खडा." बराच वेळ हेच चालले. सावंतांना कामावर जायचे होते, ते जात नव्हते. ग्लेनचा फोन दोनदा वाजला, त्याने तो बंद केला.

मग मॅडम बोलायच्या थांबल्या. ओल्या सुईने त्यांनी एक कण बाजूला घेतला, आणखी एक घेतला, आणि भिंग माझ्या हातात दिले. पावट्याच्या दाण्यासारखा आकार, मधे किंचित खोलगट, काठ गुळगुळीत. दोन झडपा घट्ट मिटलेल्या. भिंगाखाली असे पाच-सहा होते. सुलभाताईंनी पाहिले आणि म्हणाल्या, "शोभेची आहेत हो. खायला काही नाही त्यात."

"आहे, दुसरं तळं आहे," मॅडम म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता. सुई मात्र त्यांनी खाली ठेवली.

त्यांनी शिंपले काचेच्या लहान बाटलीत घातले आणि बाटलीवर चिकटवायची चिठ्ठी काढली. जागा लिहायची वेळ आली तेव्हा त्या थांबल्या. ग्लेनच्या ते लक्षात आले.

"मॅडम, 'लालबाग, बोअरहोल' एवढंच लिहा. खोटं थोडंच आहे? माल तिथूनच आलाय. मी सही देतो."

ते खोटे नव्हते. मॅडमनी आयुष्यभर वर्गात सांगितलेला नियम असा, की थरातून स्वतः उचललेला नसेल तो जीवाश्म म्हणजे नुसता सुंदर खडा. या नियमावर त्यांनी मुलांचे प्रबंध परत पाठवले होते. बोअरहोल लिहिले असते तर लेख छापून आला असता. तुळस लिहिली तर तो पुन्हा परत येणार होता. चहावर साय धरली. सावंत म्हणाले, "माझ्यामुळे झालं हे."

मॅडमनी लिहिले: 'लालबाग. चाळ, दुसरा मजला. तुळशीच्या पिंपातील वरचा थर.'

"मग हे छापणार नाहीत?" सुलभाताईंनी विचारले.

"नाही."

"पण तुम्हाला तर कळलं."

"मला कळलं. त्यांना दाखवायला मात्र थरातूनच काढावं लागेल."

सुलभाताईंनी बशी उचलली. "मग त्यात काय? आमची चाळ पाडणारच आहेत. इथेच खाली खणतील."

"कधी पाडणार?" मॅडमनी विचारले. चाळीत हा प्रश्न कोणी धास्तीने विचारतो, कोणी घाईने. मॅडमनी तो लग्नाची तारीख विचारावी तसा विचारला.

"ते 'पुढच्या वर्षी' म्हणतात," सावंत म्हणाले. "माझ्या लग्नाच्या वेळेपासून."

मॅडमनी सावंतांचा नंबर घेतला आणि आपला दिला. "नोटीस लागली की मला फोन करा. मी निवृत्त असेन, लगेच निघता येईल."

"या ना, जेवायलाच या," सुलभाताई म्हणाल्या. त्या तुळशीला पाणी घालायला वळल्या आणि थांबल्या. "पण काय सांगते, दसऱ्याच्या आधी या."